गणितसारसंग्रहकार श्री महावीराचार्य

अक्कलकोटहून पूर्वेस कलबुर्गी ओलांडून सेडमच्या वाटेने गेले की कागिणा नदीच्या तीरावर मळखेड हे गाव लागते. आज लहान असलेले हे गाव नवव्या शतकात मान्यखेट या नावाने राष्ट्रकूट साम्राज्याची राजधानी होते. सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांनी इ. स. ८१४ ते ८७८ या दीर्घ काळात राज्य केले. सोलापूर-अक्कलकोटचा आपला परिसरही त्याच राज्यात मोडत होता. आदिपुराणाचे कर्ते जिनसेनाचार्य हे सम्राटांचे गुरू. या धर्मानुरागी राजवटीच्या छायेत गणितशास्त्रातील एक थोर जैन विभूती होऊन गेली. त्यांचे नाव महावीराचार्य.

आचार्यश्रींनी आपले कुल, जन्मस्थान वा गुरुपरंपरा ग्रंथात नोंदवली नाही. इ. स. ८५०च्या सुमारास रचलेल्या ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथाच्या प्रारंभी त्यांनी भगवान महावीरांना वंदन केले आणि अमोघवर्षांचा गौरव केला. स्वतःविषयी मात्र मौन पाळले. त्यामुळे त्यांचे चरित्र म्हणजे त्यांचा ग्रंथच होय.

जैन परंपरेत गणिताला फार मोठे स्थान आहे. लोकाचे स्वरूप, द्वीपसमुद्रांचे विस्तार, कर्मप्रकृतींची गणना हे करणानुयोगाचे विषय संख्येवाचून समजत नाहीत. वीरसेनस्वामींनी इ. स. ८१६ मध्ये पूर्ण केलेल्या धवला टीकेत गणिताचा सूक्ष्म विचार आढळतो. हीच विद्या महावीराचार्यांनी सर्वसामान्य जिज्ञासूंच्या हाती दिली. त्यांच्या पूर्वी आर्यभट व ब्रह्मगुप्त यांनी गणित हे ज्योतिषग्रंथांतील अध्याय म्हणून लिहिले होते. आचार्यश्रींनी ते ज्योतिषापासून वेगळे काढून त्यावर स्वतंत्र, सुबोध ग्रंथ रचला. अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, सोन्याचा कस, शेताचे क्षेत्रफळ, खोदकामाचे घनफळ असे व्यवहारातील विषय त्यात क्रमाने येतात. जिनपूजेसाठी आणलेल्या फुलांची वाटणी हाही तेथे उदाहरणाचा विषय होतो.

या ग्रंथात बीजगणिताचे मूलतत्त्व सहजपणे उलगडते. जी राशी ठाऊक नाही ती अव्यक्त. तिला एखादे नाव द्यावयाचे आणि ती ठाऊक असल्याप्रमाणेच तिच्याशी व्यवहार करावयाचा. समीकरण म्हणजे समतोल तराजू. एका पारड्यात जे घालावे वा ज्याने गुणावे, भागावे, तेच दुसऱ्या पारड्यातही केले पाहिजे. एखाद्या राशीची तिप्पट करून तीत ५ मिळवले असता २० होत असतील, तर दोन्ही पारड्यांतून ५ काढावेत; तिप्पट १५ उरते. दोन्हीकडे ३ने भागावे. राशी ५ येते. प्रारंभीचे बीजगणित एवढ्याच दोन क्रियांवर उभे आहे.

आता आचार्यश्रींचे एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. तीन व्यापाऱ्यांना वाटेत पैशांची थैली सापडली. पहिला म्हणाला की थैली मला मिळाली तर माझे धन तुम्हा दोघांच्या एकत्रित धनाच्या दुप्पट होईल. त्याच अटीवर दुसरा म्हणाला तिप्पट, तर तिसरा म्हणाला पाचपट. तर थैलीत किती आणि प्रत्येकाजवळ किती?

येथे चार अव्यक्त राशी असल्याने नवशिका घाबरतो. पण थैलीसह सर्व धनाला ‘एकूण’ असे नाव दिले की वाट मोकळी होते. पहिल्याचे धन व थैली मिळून इतर दोघांच्या दुप्पट. म्हणजे ते दोघे धरून एकूण धन त्या दोघांच्या तिप्पट झाले. याच न्यायाने पहिला व तिसरा मिळून एकूण धनाचा चौथा भाग आणि पहिला व दुसरा मिळून सहावा भाग. एकूण धन २४ मानले तर या जोड्या अनुक्रमे ८, ६ व ४ होतात. त्यांची बेरीज १८. तीत प्रत्येक व्यापारी दोनदा मोजला गेला, म्हणून तिघांचे मिळून ९. नवातून एकेक जोडी वजा करता पहिल्याजवळ १, दुसऱ्याजवळ ३ व तिसऱ्याजवळ ५ येतात आणि थैलीत १५ उरतात. एकूण धन ४८ मानले तर सारी उत्तरे दुप्पट होतील. अटी तेव्हाही पाळल्या जातील. पूर्णांकांतील सर्वांत लहान उत्तर मात्र हेच.

ऋण संख्येविषयी आचार्यश्रींचे विवेचन विशेष मोलाचे आहे. धन संख्येचा वर्ग धन, ऋण संख्येचाही वर्ग धनच. म्हणून ऋण संख्या स्वभावतःच कोणाचा वर्ग नाही आणि तिला वर्गमूळ नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. पुढे कित्येक शतकांनी युरोपात काल्पनिक संख्यांची कल्पना आली ती याच अडचणीतून. शून्याने भागले असता संख्या तशीच राहते, हे त्यांचे विधान मात्र बरोबर नव्हते. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अशा भागाकाराला अनंत मानले. आजचे गणित तो भागाकार अर्थहीन ठरवते. या एका त्रुटीने आचार्यश्रींची थोरवी उणावत नाही. ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या शोधत जावे लागते, एवढेच त्यावरून समजते.

अकराव्या शतकात पावुलूरि मल्लन यांनी हा ग्रंथ तेलुगूत आणला आणि दक्षिणेत त्याचे अध्ययन होत राहिले. कालौघात मात्र तो विस्मृतीत गेला. मूडबिद्रीच्या जैन मठासह ठिकठिकाणी जपलेल्या हस्तलिखितांवरून प्रा. एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह तो १९१२ साली मद्रास येथे प्रसिद्ध केला, तेव्हा जगाला या आचार्यांची ओळख पटली. १९६३ साली प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत प्रकाशित केला. मान्यखेटच्या राज्यात जन्मलेला ग्रंथ अकराशे वर्षांनी त्याच भूमीत पुन्हा उजेडात आला, ही आपल्या जिल्ह्याला भूषणावह गोष्ट होय.

आपल्या समाजात हिशेबाचे बाळकडू घरातच मिळते. तरीही त्याच घरातील मुले बीजगणिताचे पुस्तक उघडताना बिचकतात आणि आपल्याच आचार्यांनी हा विषय व्यापाऱ्यांच्या थैलीतून शिकवला, हे त्यांना कोणी सांगत नाही. मठांनी ताडपत्रे जपली म्हणून ग्रंथ वाचला. आता तो कपाटातून काढून पाठशाळेत उघडला गेला, तरच ती जपणूक सार्थकी लागेल. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी एखाद्या बालकाने थैलीचे ते कोडे स्वतः सोडवले, तर तीच महावीराचार्यांना खरी विनयांजली ठरेल.

आचार्यश्रींच्या चरणी त्रिवार नमोस्तु.