रिकामा राहिलेला रकाना

बँकेच्या नोकरीत मी हजारो फॉर्म तपासले असतील. रकाना रिकामा दिसला की लाल पेन्सिलीने फुली मारून फॉर्म परत धाडायचा, हा आमचा धर्म. शाखेत लेजर पोस्टिंग मशीन आले तेव्हा युनियनचा विरोध होता तो नोकऱ्या जातील म्हणून. यंत्रातल्या नोंदीवरून माणूस हुडकता येतो, हे कुणाच्या मनातही आले नाही. रने कार्मिल या फ्रेंच अधिकाऱ्याची हकीकत वाचली आणि ती पेन्सिल आठवली.

कार्मिल यांचा जन्म १८८६ चा. लष्करी हिशेबतपासनीस आणि भोके पाडलेल्या कार्डांच्या यंत्रांचे जाणकार. ही यंत्रे म्हणजे संगणकाची आजीच. ठरल्या जागी भोक असले की तेवढी कार्डे वेगळी निघत. १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे पडला, व्हिशीचे अंकित सरकार आले आणि लोकसंख्येची नोंदणी कार्मिल यांच्याकडे गेली. प्रत्येकाला १३ आकडी क्रमांक देण्याची योजना त्यांचीच. १९४१ मध्ये दक्षिण भागातल्या गणनेत अकरावा प्रश्न होता, तुम्ही ज्यू आहात का. लोकांनी उत्तरे लिहून दिली. त्या रकान्याची मोजणी मात्र कार्मिल यांच्या खात्यातून कधीच बाहेर पडली नाही. फाईल विचाराधीन ठेवणे म्हणजे काय, हे नोकरी केलेल्याला सांगायला नको! सैन्यातून सुटलेल्यांची कार्डे मात्र त्यांनी चोख ठेवली. वेळ येताच गुपचूप फौज उभी राहावी म्हणून.

त्यांना साधू ठरवायला मी तयार नाही. त्यांच्याच क्रमांकात अल्जेरियातल्या ज्यूंना पहिला आकडा वेगळा होता आणि ज्यूविषयक सरकारी खात्याला त्यांनी मदतही देऊ केली होती. ते सोंग होते की सुरुवातीची सरकारनिष्ठा, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. मला वाटते, खुर्ची राखून आतून अडवणाऱ्याचे हात स्वच्छ राहत नाहीत.

किंमत मात्र त्यांनी पुरी मोजली. ते 'मार्को पोलो' या गुप्त प्रतिकार गटात होते. ३ फेब्रुवारी १९४४ रोजी लियाँमध्ये त्यांना पकडले. चौकशी केली ती गेस्टापोच्या क्लाऊस बार्बीने. तिथून दाखाऊची छळछावणी. २५ जानेवारी १९४५ रोजी टायफसने ते तिथेच गेले.

१९४६ मध्ये त्यांच्या खात्यातून फ्रान्सची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था उभी राहिली. तो १३ आकडी क्रमांक फ्रेंच माणूस आजही सामाजिक सुरक्षेसाठी वापरतो. पुरुषाला पहिला आकडा १, बाईला २. ज्यूंचे आकडे त्यातून गेले.