जॉन चाचा म्हणजे आपले डेव्हिड

चौल गावाचे नाव आडनावात बाळगणारी घराणी आपल्या समाजात पुष्कळ आहेत. त्यांपैकी एका घराण्यातले डेव्हिड अब्राहम चेऊलकर हे हिंदी चित्रपटसृष्टीत नुसते डेव्हिड म्हणून ओळखले गेले. आडनाव मागे पडले. त्यामुळे ठेंगणे, टक्कल पडलेले, हसऱ्या डोळ्यांचे हे काका आपल्यातलेच होते, हे हल्लीच्या मुलांना सांगावे लागते.

त्यांचा जन्म १९०९ सालचा. १९३० मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले. कायद्याची पदवीही त्यांनी मिळवली. परंतु दिवस मंदीचे होते. सहा वर्षे खटपट करूनही नोकरी मिळेना. शिकलासवरलेला मुलगा घरी बसला म्हणजे घरात काय वातावरण असते, हे वाचकांना मी सांगायला नको. अखेर नायमपल्ली या नट-मित्राच्या ओळखीने १९३७ साली ‘झांबो’ या चित्रपटात त्यांना काम मिळाले. सिनेमात जाणे हे तेव्हा भल्या घरचे लक्षण समजले जात नसे. तरी आपल्या लोकांना हे क्षेत्र अगदीच परके नव्हते. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर आपलेच होते.

आता थोडे विषयांतर करते. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. तिच्यातून चोरट्या दारूच्या टोळ्या उभ्या राहिल्या आणि टोळ्यांवरून चित्रपट निघाले. ‘लिटल सीझर’ (१९३१) मधला गुंड रंगवणारे एडवर्ड जी. रॉबिन्सन बुखारेस्टच्या ज्यू घरात जन्मले होते. ‘स्कारफेस’ (१९३२) चे पॉल म्यूनी यिद्दिश रंगभूमीवरून आले होते. पुढे पोलीस आणि गुंड यांचे काळोखी, निराश चित्रपट तिकडे पुष्कळ झाले. फ्रिट्झ लँग यांचा ‘द बिग हीट’ १९५३ चा. त्यातला पोलीस अधिकारी टोळीवाल्यांशी झगडताना बायकोला मुकतो. गुन्हेगाराला शेवटी शासन झालेच पाहिजे, असा तिकडच्या निर्मात्यांचा १९३४ पासून दंडकच होता.

आपल्या मुंबईत दारूबंदीचा कायदा आला १९४९ मध्ये. सौदी अरेबियात राजे इब्न सौद यांनी १९५२ मध्ये संपूर्ण बंदी घातली. आदल्या वर्षी जेद्दा येथे नशेतल्या एका राजपुत्राने इंग्रज वकिलातीतल्या अधिकाऱ्याला गोळी घालून ठार केले होते, हे त्याचे निमित्त. राजाज्ञेच्या त्या देशातही चोरून दारू गाळणे थांबले नाही, मग मुंबईची काय कथा! हातभट्ट्या, नवसागराची दारू, खाडीकाठचे गुत्ते, आंटीचे अड्डे, आणि पैसेवाल्यांना परमिट. आपल्या घरी किद्दूशला भिजवलेल्या किसमिसांचा रस, म्हणून आपले काही अडले नाही. पण गरीब वस्तीतली कितीतरी माणसे या धंद्यात शिरली.

त्यांच्यातलाच एक जॉन चाचा. ‘बूट पॉलिश’ (१९५४) हा राज कपूर यांनी काढलेला, प्रकाश अरोरा यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट. आई मेलेली दोन भावंडे, भोला आणि बेलू, चुलतीच्या हाती पडतात. ती त्यांना भीक मागायला लावते. आणि भीक मागू नका, कष्ट करून खा, हे त्यांना शिकवतो कोण, तर चोरटी दारू विकणारा हा लंगडा जॉन! मुले पैपैसा साठवून पॉलिशचे सामान घेतात. इकडे जॉनला दारूच्या गुन्ह्याखाली पोलीस धरून नेतात. मग पाऊस लागतो, बुटांना पॉलिश कोण करून घेणार? मुले उपाशी.

मी हा चित्रपट लहानपणी मुंबईत शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला. आमच्या वडिलांना दारूचे नावही खपत नसे. दारूवाल्याच्या तोंडी उपदेश कशाला, म्हणून ते मधेच उठून गेले. पुढे वर्गात मुलांना शिकवताना मला हा प्रश्न अनेकदा आठवला. डेव्हिड यांनी तो पुसून टाकला नाही, हेच त्यांचे मोठेपण. त्यांचा जॉन साधूपुरुष होत नाही. तो लाजतो, चिडतो, आपला धंदा वाईट आहे हे त्याला कळते, आणि तरी तो सुटत नाही. कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाने कायदा मोडणारा असा आतून रंगवावा! तुरुंगात टकल्या कैद्यांसोबत तो पावसाची आळवणी करतो, ते मन्ना डे यांनी गायलेले गाणे पाहून आम्ही पोरे लोळलो होतो. शेवटचे योगायोग मात्र आज फार ताणलेले वाटतात.

या भूमिकेला साहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. बेलू झालेल्या बेबी नाझचा १९५५ साली कान महोत्सवात खास गौरव झाला.

पुढची पंचवीस वर्षे त्यांना कामाची वाण पडली नाही. ख्वाजा अहमद अब्बास आणि हृषीकेश मुखर्जी यांनी त्यांना पुन्हा पुन्हा घेतले. ‘अनुपमा’, ‘सत्यकाम’, ‘चुपके चुपके’, ‘गोल माल’, बासू चटर्जी यांचा ‘बातों बातों में’, किती नावे घ्यावीत? पण बहुतेक ठिकाणी ते प्रेमळ काका किंवा मामाच. जॉनसारखा काळा-पांढरा माणूस त्यांना फार थोडा मिळाला, ही निर्मात्यांची आळशी नजर, असे माझे मत आहे. समारंभाचे सूत्रसंचालन करावे तर डेव्हिड यांनीच, असा त्यांचा लौकिक होता. वेटलिफ्टिंगचे पंच म्हणूनही ते नावाजलेले होते. १९६९ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

लग्न त्यांनी केले नाही. अखेरच्या दिवसांत ते कॅनडात होते. १९८१ साल सरून १९८२ लागण्याच्या सुमारास, बहात्तराव्या वर्षी, टोरांटो येथे त्यांचे निधन झाले. चौलपासून इतक्या दूर. ‘खूबसूरत’ (१९८०) पाहून इथे आमच्या इमारतीतल्या बायका त्यांच्याविषयी बोलत होत्या, त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते.