सीताफळ ते सुपारी : डॉ. कमल रणदिवे यांची संशोधनवाट

सीताफळ, रामफळ, हिरवा चाफा आणि आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाशी ओळीने उभा असलेला तो उंच, सडपातळ खोटा अशोक ही सगळी एकाच कुळातली झाडे. या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रे हा पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या एका विद्यार्थिनीचा एम.एस्सी.चा विषय होता. वर्ष १९४३. याच विद्यार्थिनीने पुढे कर्करोग आणि कुष्ठरोग या विषयांवर दोनशेहून अधिक शोधनिबंध लिहिले आणि माणसाच्या व प्राण्यांच्या पेशी शरीराबाहेर वाढवणारी देशातली पहिली प्रयोगशाळा मुंबईत उभी केली. डॉ. कमल रणदिवे हे त्यांचे नाव. २०२१ साली, ८ नोव्हेंबरला त्यांच्या जन्मदिनी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावले, तेव्हा अनेकांनी ते नाव पहिल्यांदा वाचले असेल.

संशोधकाची ओळख आता आकड्यांत सांगतात. किती निबंध छापले, इतरांनी आपल्या निबंधांत त्यांचा किती वेळा उल्लेख केला, त्यावरून काढलेला एच-निर्देशांक किती. हा निर्देशांक २००५ साली आला, म्हणजे रणदिवे यांच्या निधनानंतर चार वर्षांनी. संगणक नावावरून ही मोजणी करतो आणि एकाच नावापुढे एकीकडे वनस्पती, दुसरीकडे कर्करोग असे विषय आले की ही दोन वेगळी माणसे असावीत अशी शंका येते. के. जे. रणदिवे या आद्याक्षरांवरून तर ती बाई आहे हेही कळत नाही. म्हणून ही वाट जरा सावकाश पाहण्यासारखी आहे.

कमल समर्थ यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलगे आणि मुली दोघांनीही शिकलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे ही वडिलांची इच्छा होती. मुलीने फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले, पदवी विशेष गुणवत्तेने मिळवली आणि १९३९ साली लग्न केले ते गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी. लग्नानंतर त्या मुंबईत आल्या. वर सांगितलेली एम.एस्सी. त्यानंतरची. संसार सुरू झाल्यावर शिक्षण चालू राहिले, त्यात पतीचा मोठा हात होता.

आता झाडांच्या पेशींकडून कर्करोगाकडे कसे जायचे? वाटते तितके हे अंतर मोठे नाही. गुणसूत्रे पाहायची तर पेशी विभागत असतानाच पकडावी लागते. मुळाच्या कोवळ्या टोकात, उमलायच्या आधीच्या कळीत असे विभाजन चाललेले असते. तो तुकडा नेमक्या वेळी कापायचा, रसायनात थिजवायचा, रंगवायचा, काचपट्टीवर दाबून पसरायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक गुणसूत्र मोजायचे. सीताफळाच्या पेशीत ती चौदा असतात. कर्करोग हाही विभाजनाचाच आजार. थांबायला हवे तिथे न थांबणारी पेशी ओळखायला अशी सरावलेली नजर उपयोगी पडते. माणसाच्या पेशीत गुणसूत्रे ४८ नसून ४६ आहेत हे १९५६ साली स्वीडनमधल्या लुंड येथे ज्या दोघांनी दाखवले, ते जो-हिन त्जिओ आणि अल्बर्ट लेव्हान हेही मुळात वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम करणारे होते.

मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले होते. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. रणदिवे त्यांच्याकडे रुजू झाल्या. उंदरांमधील स्तनाचा कर्करोग हा सुरुवातीच्या कामाचा विषय. उंदरांची काही वाणे या आजाराला सहज बळी पडतात, काही पडत नाहीत. जॉन बिटनर यांनी १९३६ साली अमेरिकेत दाखवले होते की आजाराचे कारण ठरणारे काहीतरी आईच्या दुधातून पिलांकडे जाते. पुढे तो विषाणू ठरला. अनुवंश, संप्रेरके आणि विषाणू या तिघांचा मिळून काय खेळ चालतो, हा प्रश्न रणदिवे यांनी धरला आणि पुढे अनेक वर्षे सोडला नाही. १९४९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली.

त्यानंतर खानोलकरांच्याच प्रोत्साहनाने त्या रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. विज्ञानाच्या इतिहासात ही प्रयोगशाळा एका गोष्टीसाठी कायमची नोंदली गेली आहे. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्ण स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या पेशी तिथे अखंड वाढत राहिल्या. शरीराबाहेर अशी अमर झालेली ही मानवी पेशींची पहिली ओळ. पेशी घेताना लॅक्स यांना कोणी विचारले नव्हते, ही या कीर्तीची दुसरी बाजू. रणदिवे यांनी याच प्रयोगशाळेत ऊती संवर्धनाचे तंत्र शिकून घेतले.

शिकणे एक, ते मुंबईत करून दाखवणे वेगळे. पेशीला शरीराबाहेर जगवायचे म्हणजे शरीराइतकी ऊब, निर्जंतुक काच, रक्तद्रवातून मिळणारे पोषण आणि रोजची देखभाल. आपल्या दमट हवेतला बुरशीचा एखादा कण बाटलीत शिरला की कित्येक आठवड्यांचे काम वाया. परत आल्यावर त्यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊती संवर्धनाची आणि प्रायोगिक जीवशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. साठच्या दशकात जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रातली तरुण मंडळी हाताशी घेऊन कर्करोगजनन, पेशीविज्ञान आणि प्रतिकारशास्त्र असे नवे विभाग सुरू केले. १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांनी शिकून इथे परत यावे, असे त्या आवर्जून सांगत. स्वतः तसे केलेले असल्याने त्यांना तो अधिकार होता. अशा उभारणीची नोंद उल्लेखांच्या मोजणीत कुठेच होत नाही. प्रयोगशाळेतून पुढच्या पिढीचे जे निबंध निघतात, त्यांवर नावे त्या पिढीची असतात.

कुष्ठरोगाचे उदाहरण घ्या. १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून वेगळा केलेला एक जिवाणू प्रयोगशाळेत वाढवल्याचे प्रसिद्ध केले. कुष्ठरोगाचा मूळ जिवाणू काही केल्या प्रयोगशाळेत वाढत नाही, त्यामुळे त्याच्या नात्यातला, वाढवता येणारा जिवाणू हाती लागणे महत्त्वाचे होते. त्याला संस्थेच्या आद्याक्षरांवरून आयसीआरसी जिवाणू हे नाव पडले. त्याच्यापासून डॉ. माधव देव आणि सहकाऱ्यांनी लस बनवली. तमिळनाडूतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली आले, त्यात या लसीचे संरक्षण सुमारे ६५ टक्के आढळले. क्षयाच्या बीसीजी लसीचे ३४. निबंध ते निष्कर्ष, चाळीस वर्षे.

पण सर्वसामान्य माणसाच्या जगण्याला सर्वात जवळचे काम आहे ते सुपारीवरचे. त्याची सुरुवातही गुरूपासून होते. खानोलकरांनी १९४४ साली मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. पान, तंबाखू, चुना खाणाऱ्यांत हा आजार दिसतो हे डॉक्टरांना ठाऊक होते. मात्र या विड्यात नेमका दोषी कोण? सगळ्यांचा संशय तंबाखूवर, आणि तो खराच होता. सुपारी मात्र सुटत होती. पूजेत, लग्नात, श्राद्धात, पाहुण्यापुढच्या तबकात असणारी वस्तू. तिच्यावर कोण आरोप करणार?

माणसांत हे कोडे सोडवणे कठीण, कारण बहुतेक जण दोन्ही एकत्र खातात. रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दोन्ही वेगळी केली, प्राण्यांवर. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या गालात धान्य साठवायची पिशवी असते. गालात तोबरा धरून बसणाऱ्या माणसाची ती चांगली प्रतिकृती. सुपारीचा अर्क, तंबाखूचा अर्क अशी वेगवेगळी परीक्षा त्यांनी घेतली. तंबाखूचा स्पर्श नसतानाही सुपारीच्या अर्काने प्राण्यांत गाठी झाल्या. हे निष्कर्ष १९७६ साली आणि हॅमस्टरवरचे पुढचे प्रयोग १९७९ साली इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर या नियतकालिकात आले. (त्याच नियतकालिकात १९७२ साली त्यांनी खाद्यतेलात मिसळल्या जाणाऱ्या दूषित पदार्थांवर लिहिले होते. रोजच्या खाण्यातले संशयित तपासायचे, अशी त्यांची रीतच दिसते.)

प्राण्यांत झाले म्हणून माणसांत होतेच असे नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हीच सावधगिरी पाळली. १९८५ साली तिने तंबाखूसह पान खाणे कर्करोगकारक ठरवले. तंबाखूविना पानाबद्दल माणसांतला पुरावा अपुरा आहे, असे म्हणून निकाल राखून ठेवला. ती मधली वर्षे आपल्याकडे फार महाग पडली. नेमक्या त्याच काळात सुपारीचा चुरा चकचकीत पुड्यांत भरून, तंबाखूसह आणि तंबाखूविना, टपरीटपरीवर लटकू लागला. शाळेतली मुले ‘साधा’ मसाला निर्धास्तपणे खाऊ लागली, कारण तो तंबाखूमुक्त होता.

याच सुमारास रणदिवे यांचे दुसरे एक काम आपल्या शहरात रुजत होते. १९७३ साली त्यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. तिचे मुख्यालय आज वाशीला आहे. तिथे नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आहे, पाळणाघर आहे, बालवाडी, आरोग्य केंद्र आणि ग्रंथालय आहे. वैज्ञानिकांच्या संघटनेने पाळणाघर चालवावे हे काहींना गमतीचे वाटेल. मूल कोणाकडे ठेवायचे या प्रश्नापायी प्रयोगशाळा सोडावी लागलेल्या स्त्रीला वाटणार नाही. १९८२ साली पद्मभूषण मिळाल्यानंतरही रणदिवे स्वस्थ बसल्या नाहीत. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, सत्यनिकेतन या संस्थेबरोबर, आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती त्या गोळा करत होत्या. वय सत्तरीच्या पुढे.

एप्रिल २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची संशोधन संस्था पुढच्याच काळात परळहून खाडी ओलांडून खारघरला आली. टाटा स्मारक केंद्राचे तिथले ॲक्ट्रेक आपल्या परिचयाचे आहे. २००३ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात तज्ज्ञांनी सुपारीचा खटला पुन्हा उघडला. या वेळी माणसांतला पुरावाही पुरेसा होता, आणि पुढच्या वर्षी छापलेल्या खंडात निकाल स्पष्ट आला : सुपारी स्वतःच, तंबाखूशिवायही, माणसाला कर्करोग करते. प्राण्यांवरच्या पुराव्याच्या यादीत १९७६ आणि १९७९ चे रणदिवे यांचे निबंध आहेत. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ साली. सुपारी अर्थातच कुठेही मिळते.

ती खाणाऱ्याने, किंवा खाणारा घरात असेल त्याने, काही खुणा लक्षात ठेवाव्यात. तिखट नुसते लागले तरी तोंडाची आग होणे, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ होणे, स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जाऊ नयेत इतके ते कमी उघडणे : हा सुपारीमुळे होणारा, कर्करोगाच्या आधीचा आजार असू शकतो. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे लगेच जावे. ताठरलेला गाल पुरता पूर्ववत होत नाही, पण सुपारी थांबवली की पुढचा धोका कमी होतो.