एका प्राध्यापकाची बडतर्फी

मे १८८१ मध्ये एडिंबरो येथे भरलेल्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेने आपल्या अ‍ॅबर्डीन येथील महाविद्यालयातील हिब्रूचे प्राध्यापक विल्यम रॉबर्टसन स्मिथ यांना अध्यापनाच्या पदावरून दूर केले. त्यांच्या लेखनाची चौकशी पाच वर्षे चालू होती. तीत पाखंडाचा एकही आरोप सिद्ध झालेला नव्हता. उलट, वर्षभरापूर्वी याच महासभेने त्यांच्यावरील आरोपपत्र मागे घेतले होते. तरीही भावी पाळकांचे शिक्षण त्यांच्या हाती ठेवणे यापुढे सुरक्षित नाही, एवढ्याच कारणावरून बहुमताने त्यांचे पद गेले. पाळक म्हणून मिळालेली दीक्षा मात्र कायम राहिली. ज्याची श्रद्धा नाकारता येत नाही, पण ज्याला शिकवू द्यायचे नाही, असा हा विलक्षण निकाल होता.

एकोणिसाव्या शतकातील धर्म आणि विज्ञान यांच्या संघर्षाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. स्मिथ यांचे प्रकरण त्याहून वेगळे आहे. येथे दोन्ही बाजूंना पाळक होते. दोघांचा धर्मग्रंथ एक होता आणि दोघांनीही एकाच श्रद्धाप्रतिज्ञेवर सही केलेली होती. भांडण घरातले होते आणि म्हणूनच ते अधिक तीव्र झाले.

फ्री चर्चचा जन्मच मुळी एका बंडातून झाला होता. स्कॉटलंडच्या अधिकृत चर्चमध्ये गावचा पाळक नेमण्याचा हक्क बड्या जमीनदारांकडे असे. गावातील उपासकांना नको असलेला पाळकही त्यांच्यावर लादता येई आणि न्यायालये जमीनदारांचीच बाजू घेत. याविरुद्ध मे १८४३ मध्ये टॉमस चामर्स यांच्या नेतृत्वाखाली सुमारे एक तृतीयांश पाळक चर्चमधून बाहेर पडले. राहते घर आणि हक्काचे वेतन त्यांनी एका दिवसात सोडले. मुंबईत शिक्षणकार्य करणारे डॉ. जॉन विल्सन यांनीही फ्री चर्चचीच बाजू घेतली. पुढे १८७० साली या चर्चच्या महासभेचे अध्यक्षपद विल्सन यांच्याकडे आले आणि त्याच अधिवेशनात तेवीस वर्षांच्या स्मिथ यांची प्राध्यापकपदी निवड झाली. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय मुंबईत आजही उभे आहे, त्यांच्या अध्यक्षतेखाली या वादळी कारकिर्दीचा आरंभ व्हावा, हा योगायोग मराठी वाचकाला नोंदण्यासारखा वाटेल.

स्मिथ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८४६ रोजी अ‍ॅबर्डीन परगण्यातील कीग या खेड्यात झाला. वडील आधी शिक्षक होते, नंतर फ्री चर्चचे पाळक झाले. मुलाला त्यांनी घरीच शिकविले आणि पंधराव्या वर्षी तो विद्यापीठात दाखल झाला. गणितात आणि पदार्थविज्ञानात स्मिथ यांना उत्तम गती होती. एडिंबरोत पीटर टेट या नामवंत शास्त्रज्ञाचे साहाय्यक म्हणून त्यांनी कामही केले. परंतु मन धर्मशास्त्राकडे होते. बॉन आणि गटिंगन येथे जाऊन त्यांनी जर्मन पंडितांची संशोधनपद्धती आत्मसात केली. प्राचीन ग्रंथ हाती घेतला की त्याची भाषा, त्यातील पुनरुक्ती, परस्परविरोधी वचने आणि त्यात उमटलेला काळ यांवरून तो केव्हा व कसा रचला गेला हे ठरवायचे, अशी ती पद्धती होती. आपल्याकडे महाभारताच्या अभ्यासकांना ती अपरिचित नाही.

हीच पद्धती स्मिथ यांनी बायबलला लावली. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या नवव्या आवृत्तीसाठी त्यांनी बायबलवर लेख लिहिला आणि तो १८७५ साली प्रसिद्ध झाला. जुन्या करारातील पहिले पाच ग्रंथ परंपरेने मोशेचे मानले जातात. ते एकहाती नसून निरनिराळ्या काळांतील लेखनाच्या संयोगातून सिद्ध झाले आहेत आणि त्यांपैकी पाचवा, ज्याला मराठी बायबलमध्ये ‘अनुवाद’ असे नाव आहे, तो मोशेनंतर कित्येक शतकांनी संदेष्ट्यांच्या प्रेरणेतून तयार झाला, असे त्यांनी प्रतिपादन केले. जर्मनीत या मतांचे नवल राहिले नव्हते. स्कॉटलंडमध्ये मात्र एका पाळकाने, तेही पाळक घडविणाऱ्या प्राध्यापकाने, ती घरोघरी जाणाऱ्या ज्ञानकोशात मांडावीत, याने खळबळ उडाली.

विरोधकांची भीती समजून घेतली पाहिजे. ‘अनुवाद’ हा ग्रंथ मोशेच्या भाषणांच्या रूपाने लिहिलेला आहे. ती भाषणे मोशेची नसतील, तर ग्रंथ खोटे बोलतो काय, असा त्यांचा प्रश्न होता. येशूनेही त्या ग्रंथांचा उल्लेख मोशेच्या नावाने केला आहे, त्याचे काय करायचे? एक वीट काढली तर भिंत कोठवर ढासळेल, हे कोण सांगणार? खेड्यापाड्यांतील साध्या श्रद्धावंतांच्या वर्गणीवर हे चर्च चालत होते, त्यांच्या मनाचा विचार आपण करावयास नको काय, असेही अनेक पाळकांना प्रामाणिकपणे वाटत होते.

स्मिथ यांचे उत्तर असे होते की, सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर श्रद्धाप्रतिज्ञा हा चर्चचा कायदा आहे. ग्रंथ ईश्वरप्रेरित आहे एवढे ती सांगते. कोणता ग्रंथ कोणी लिहिला हे मान्य करण्याचे बंधन ती घालीत नाही. जुन्या नियमांचा नव्या काळासाठी केलेला विस्तार मूळ स्मृतिकाराच्या मुखी घालणे ही त्या काळची रीत होती, फसवणूक नव्हे. ईश्वराची वाणी इतिहासातून प्रकटली असेल, तर इतिहासाचा अभ्यास हा तिचाच अभ्यास ठरतो. ही भूमिका त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. श्रद्धा सोडून त्यांना टीकाकार व्हावयाचे नव्हते आणि टीका सोडून श्रद्धाळूही राहावयाचे नव्हते.

चर्चच्या समितीला खटल्यास पुरेसे कारण दिसले नाही, परंतु तिने नापसंती मात्र नोंदविली. तेव्हा १८७७ साली स्मिथ यांनी स्वतःच रीतसर आरोपपत्राची मागणी केली. कुजबुजीला उत्तर देता येत नाही, आरोपाला देता येते, हे त्यांनी जाणले होते. अ‍ॅबर्डीनच्या पाळकसभेपुढे आणि नंतर महासभेपुढे त्यांनी एकेका मुद्द्याचा इतक्या तयारीने समाचार घेतला की, आरोप एकामागून एक गळत गेले आणि शेवटी ‘अनुवाद’ ग्रंथासंबंधीचा तेवढा उरला. मे १८८० मध्ये महासभेने २९९ विरुद्ध २९२ अशा सात मतांच्या आधिक्याने तोही मागे घेतला व त्यांना सावधगिरीची समज दिली.

प्रकरण तेथेच मिटावयाचे. पण काही दिवसांतच ब्रिटानिकाचा पुढचा खंड बाहेर पडला आणि त्यात हिब्रू भाषा व साहित्य यांवरील स्मिथ यांचा नवा लेख होता. लेख समज मिळण्यापूर्वीच लिहून दिलेला होता. विरोधकांना मात्र तो उद्दामपणा वाटला. स्मिथ यांचा स्वभाव तापट आणि जीभ तिखट होती, हेही त्यांच्या कामी आले नाही. फ्री चर्चचे सर्वांत मुरब्बी नेते प्राचार्य रॉबर्ट रेनी हे काही ग्रंथचिकित्सेचे वैरी नव्हते. तिला चर्चमध्ये कधी ना कधी जागा द्यावी लागेल हे ते ओळखून होते. परंतु एका माणसासाठी चर्च दुभंगू द्यायचे नाही, असा त्यांचा निश्चय झाला. पुन्हा आरोपपत्र काढले तर पुन्हा हार होण्याचा धोका. म्हणून आरोपाचा मार्ग सोडून अविश्वासाचा मार्ग घेण्यात आला आणि १८८१ मध्ये मोठ्या बहुमताने स्मिथ यांचे पद काढून घेतले गेले.

त्याआधीच्या हिवाळ्यात एडिंबरो व ग्लासगो येथे त्यांनी लोकांपुढे व्याख्याने दिली होती. निमंत्रण देणाऱ्यांत फ्री चर्चचीच सुमारे सहाशे प्रतिष्ठित मंडळी होती. म्हणजे साध्या श्रद्धावंतांच्या नावाने जी भीती व्यक्त होत होती, ती सर्वच श्रद्धावंतांची नव्हती. पुढे स्मिथ ब्रिटानिकाच्या संपादनात शिरले आणि १८८८ साली ती आवृत्ती त्यांच्या संपादकत्वाखाली पूर्ण झाली. १८८३ साली केंब्रिजमध्ये ते अरबीचे प्राध्यापक झाले. ‘रिलिजन ऑफ द सेमाइट्स’ हा त्यांचा ग्रंथ १८८९ साली आला. प्राचीन धर्मांत आधी आचार येतो, सिद्धान्त मागाहून. यज्ञबली हे मुळात देव आणि समाज यांचे सहभोजन असते, हा त्यातील विचार मानववंशशास्त्राला नवी दिशा देणारा ठरला. जेम्स फ्रेझर यांनी ‘गोल्डन बाउ’ त्यांनाच अर्पण केला. दुर्खीम आणि फ्रॉइड यांनीही त्यांच्यापासून घेतले. क्षयाने ३१ मार्च १८९४ रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. कीग येथे त्यांचे दफन झाले.

इतिहासाने उरलेला हिशेब नंतर मांडला. १९०० साली फ्री चर्चचे आणखी एका पंथाशी ऐक्य होऊन युनायटेड फ्री चर्च स्थापन झाले. १९०२ साली जॉर्ज अ‍ॅडम स्मिथ या प्राध्यापकांच्या ग्रंथाविरुद्ध तशाच तक्रारी आल्या. १८८० साली रॉबर्टसन स्मिथ यांचे वर्ग ज्यांनी तात्पुरते सांभाळले होते, तेच हे गृहस्थ. या वेळी चौकशी नको असा ठराव मांडणारे होते प्राचार्य रेनी! वीस वर्षांपूर्वी जे असह्य होते ते आता सामान्य झाले होते. आणि ज्या फुटीच्या भीतीने एका विद्वानाचा बळी दिला, ती फूटही टळली नाही. ऐक्य नाकारणाऱ्या अल्पसंख्य गटाने दावा लावला आणि मूळ सिद्धान्ताशी तोच एकनिष्ठ आहे, असे ठरवून १९०४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने चर्चची मालमत्ता त्याच्या हवाली केली. ती न्याय्य रीतीने वाटण्यासाठी पार्लमेंटला १९०५ साली कायदा करावा लागला.

कोणत्याही संस्थेला आपली तत्त्वे सांभाळण्याचा अधिकार आहे आणि त्या तत्त्वांशी द्रोह करणारा शिक्षक तिने पोसावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु द्रोह झाला की नाही हे नियमाने ठरले पाहिजे. आरोप ठेवला तर त्याला पुरावा लागतो आणि आरोपीला उत्तर देता येते; नुसत्या अस्वस्थतेला कोण काय उत्तर देणार? फ्री चर्चच्या पाळकांनी पाच वर्षे नियम पाळले, ही त्यांची थोरवी. नियमाने हवा तो निकाल मिळेना तेव्हा त्यांनी नियमच बाजूला ठेवला, ही त्यांची चूक. स्मिथ कोणत्या वर्गात शिकवतील हे मतमोजणीने ठरविता आले. ‘अनुवाद’ ग्रंथ कोणी लिहिला, हे ठरविणे मात्र त्या महासभेच्या हाती कधीच नव्हते.