गॅरी किल्डॉल : न पाहिलेल्या मशीन्सचा माणूस

थर्ड इयरच्या सेमिनारमध्ये मी एक जोक मारला होता. आयबीएमची माणसं ऑपरेटिंग सिस्टिम मागायला दारात आली, तेव्हा हा पठ्ठ्या विमान उडवायला गेला होता, आणि म्हणून बिल गेट्स श्रीमंत झाला! वर्ग हसला. सरांनी मात्र एवढंच विचारलं, की हे सगळं ठीक, पण त्या माणसाने नेमकं केलं काय होतं? मला सांगता येईना. किल्डॉल हे नावसुद्धा मी स्लाइडवर चुकीचं लिहिलं होतं. तेव्हा हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

उत्तराचं टोक सापडलं ते करंजाड्याच्या आमच्या रूमवर. आम्ही चौघं तिथे भाड्याने राहतो. त्यातल्या एकाने नवा लॅपटॉप घेतला आणि त्यावर लॅबमध्ये असतं तेच जुनं लिनक्स टाकलं. स्क्रीन आली, कीबोर्ड चालला, डिस्क दिसली. वाय-फाय मात्र नाही! चिप नवी, कर्नल जुना. त्या चिपचा ड्रायव्हर पुढच्या कर्नलमध्ये आला होता, आणि पुढचा कर्नल उतरवायला नेट हवं. आता बोला! रात्री दोनला शेवटी कोणीतरी मोबाइल केबलने जोडला, आणि त्याचं नेट एका सेकंदात चालू झालं.

गंमत बघा, मोबाइलसुद्धा त्या कर्नलपेक्षा नवाच होता. मग कर्नलने त्याला ओळखलं कसं? तर ओळखलं नाहीच. यूएसबीवरून नेट देणारी वस्तू कशी बोलेल हे आधीच ठरलेलं आहे. मोबाइल त्या पद्धतीने बोलला, एवढंच. कीबोर्डचं तसंच, नव्या एनव्हीएमई डिस्कचंही तसंच. वाय-फाय चिपची भाषा मात्र ज्याची त्याची वेगळी. हे वाचता वाचता मी मागे मागे जात राहिलो, आणि सत्तरच्या दशकात पुन्हा तोच माणूस भेटला.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटल शहरातला. घरची नौकानयन शिकवणारी शाळा होती, आजोबांपासूनची. आपल्याकडे क्लासवाल्यांचं घर म्हणतात ना, तसं. गॅरीनेही तिथे शिकवलं. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात गेला तो गणिताचा मास्तर व्हायला, आणि कॉम्प्युटरच्या नादाला लागला. व्हिएतनाम युद्धाचा काळ, त्यामुळे नौदलाची सेवा अटळ होती. पण त्याच्या वाट्याला बोट आली नाही, माँटेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर कॉलेजात शिकवण्याचं काम आलं. १९७२ मध्ये पीएचडी. १९७३ चा त्याचा एक पेपर कंपायलरमधल्या डेटा फ्लो ॲनालिसिसचा पाया मानला जातो. हो, तेच प्रकरण जे आपण परीक्षेला ऑप्शनला टाकतो!

याच सुमारास इंटेलने ४००४ हा छोटा प्रोसेसर बाजारात आणला होता. गॅरी त्याच्यामागे लागला, मग इंटेलचा सल्लागार झाला आणि त्यांच्यासाठी पीएल/एम ही भाषा लिहिली. फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला, पण तो प्रोसेसरला जोडायची विद्या त्याच्याकडे नव्हती. जॉन टोरोड या मित्राने कंट्रोलर बनवून दिला, आणि १९७४ मध्ये सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम चालू लागली. इंटेलला ती नको होती. मग गॅरी आणि त्याची बायको डोरोथी यांनी स्वतःची कंपनी काढली. नाव काय, तर इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च! पुढे शहाणपण आलं आणि नुसतं डिजिटल रिसर्च राहिलं. धंद्याची बाजू डोरोथी सांभाळायची.

खरा त्रास इथून पुढे. त्या काळी प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा आणि फ्लॉपीचा कंट्रोलरही वेगळा. नवीन गिऱ्हाईक आलं, की गॅरी सिस्टिमच्या पोटात हात घालणार, ओळी बदलणार, पुन्हा तपासणार. इम्साय या कंपनीने त्यांच्या मशीनसाठी सीपी/एम मागितली, तेव्हा हे पुरे झालं असं त्याने ठरवलं. सिस्टिमचा जेवढा भाग हार्डवेअरला हात लावतो तेवढा त्याने कापून वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं बायॉस. कॉम्प्युटर चालू करताना आपण जो बायॉस म्हणतो ना, ते नाव इथलं.

हा बायॉस म्हणजे काय, तर सुरुवातीला एक छोटं टेबल. अक्षर वाच, अक्षर दाखव, ट्रॅक ठरव, सेक्टर ठरव, सेक्टर वाच, सेक्टर लिही... सीपी/एम २.२ मध्ये अशा सतरा उड्या होत्या. वरची सिस्टिम फक्त या सतरा जागी उडी मारणार. खाली कुठली चिप आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. नवं मशीन बनवणाऱ्याने एवढा सतरांचा भाग लिहायचा, बाकी सीपी/एम जशीच्या तशी. प्रोग्रॅमसाठीही असाच नियम होता. कुठल्याही मशीनवर पाचव्या पत्त्यावर जा, काम होईल. १९७९ च्या आवृत्तीत त्याने डिस्कचा आकार, ट्रॅकमधले सेक्टर वगैरे माहितीही टेबलात काढली. म्हणजे निराळ्या मापाची डिस्क आली तर आकडे बदला, कोड नको. शेगडी कुठल्याही कंपनीची घ्या, सिलिंडरचा रेग्युलेटर बदलावा लागत नाही, तसं काहीसं.

कल्पना एकट्या गॅरीची होती असं मी म्हणणार नाही. मोठ्या मशीनवर असे प्रयत्न आधी झाले होते. पण टेबलावर मावणाऱ्या कॉम्प्युटरच्या धंद्यात हे चालवून दाखवलं ते त्याने. गॅरीने कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या मशीन्सवर त्याची सिस्टिम चालत होती. वर्डस्टार १९७८ मध्ये आलं ते सीपी/एमवरच. माझी आत्या पनवेलला टायपिंगच्या क्लासमध्ये वर्डस्टार शिकली होती. तिची बोटं अजून कंट्रोल, के, एस अशी आपोआप जातात. तिला गॅरी माहीत नाही, अर्थातच.

त्या सतरा उड्या तोकड्याही पडायच्या, हे सांगायला हवं. डिस्क, टर्मिनल, प्रिंटर एवढंच त्यांत मावत होतं. चित्रं काढायची तर प्रोग्रॅमवाले बायॉसला वळसा घालून थेट हार्डवेअरला हात घालायचे, आणि मग तो प्रोग्रॅम त्या एकाच मशीनचा व्हायचा.

आता ते विमान. १९८० मध्ये आयबीएमची माणसं आली हे खरं, आणि गॅरी सकाळी विमानाने गेला होता हेही खरं. पण गंमत म्हणून नाही, एका गिऱ्हाइकाकडे आधी ठरलेल्या कामाला. दुपारी परतही आला. मधल्या वेळात आयबीएमचा गुप्ततेचा करार डोरोथीपुढे होता. वकिलाला विचारून तिने सही केली नाही. पुढच्या बोलण्यात काय ठरलं हे दोन्ही बाजूंनी वेगवेगळं सांगितलं आहे. व्यवहार जमला नाही एवढं नक्की. आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे गेली, आणि मायक्रोसॉफ्टने टिम पॅटरसनची ८६-डॉस घेतली.

आणि इथे मला खरी चुटपुट लागली. पॅटरसनने प्रोग्रॅमला दिसणारी बाजू सीपी/एमसारखीच ठेवली होती, म्हणजे जुने प्रोग्रॅम सहज आणता यावेत. आत काय आहे हे न बघता बाहेरून वापरता येईल अशी सीमा गॅरीने आखली होती. मग त्या सीमेच्या आत दुसऱ्याची सिस्टिमही बसवता येतेच की! ज्या गुणाने सीपी/एम पसरली त्याच गुणाने ती बदलता आली. गॅरीने तक्रार केल्यावर आयबीएमने सीपी/एम-८६ सुद्धा ठेवली, पण किंमत २४० डॉलर, आणि शेजारी डॉस ४० डॉलरला. कोण घेणार?

माणूस काही देशोधडीला लागला नाही. १९८३ पासून टीव्हीवर कॉम्प्युटरचा कार्यक्रम केला, १९८५ मध्ये आख्खा ज्ञानकोश सीडीवर आणण्यात त्याचा हात होता, आणि १९९१ मध्ये कंपनी नॉव्हेलला विकली. पण जाईल तिथे लोक विमानाचंच विचारायचे. डोरोथीशी घटस्फोट झाला होता, पुढे दारू वाढली. जुलै १९९४ मध्ये माँटेरेत डोक्याला मार लागला आणि तीन दिवसांनी, ११ तारखेला, तो गेला. वय ५२. कंपनीच्या जुन्या घरासमोर २०१४ मध्ये इंजिनिअरांच्या संस्थेने पाटी बसवली.

गॅरीचा प्रश्न सुटला असं मात्र समजू नका. लिनक्स कर्नलने ड्रायव्हरसाठी आतली सीमा मुद्दामच पक्की ठेवलेली नाही. ड्रायव्हर कर्नलच्या सोबत ठेवा, म्हणजे सगळं एकत्र सुधारता येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यालाही अर्थ आहे, कारण चुकीची सीमा जन्मभर ओढावी लागते. अँड्रॉइडवाल्यांनी मात्र २०१७ मध्ये ट्रेबल आणून हार्डवेअरचा भाग वेगळा काढला, अपडेट अडकू नयेत म्हणून. भांडण तेच, पन्नास वर्षांचं.

आमचं वाय-फाय त्या रात्री मोबाइलच्या नेटवर नवा कर्नल उतरवून चालू झालं. पहाटेचे चार झाले होते. आणि सेमिनारची ती स्लाइड मी सरांना दुरुस्त करून पाठवली. नाव नीट लिहिलं, विमानाचा फोटो काढला, आणि तिथे सतरा ओळींचं ते टेबल टाकलं.