कमला सोहोनी

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव रसायनशास्त्रज्ञ होते. थोरल्या भगिनी दुर्गाबाई पुढे विख्यात लेखिका झाल्या. १९३३ मध्ये कमला मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत पहिल्या आल्या. तरीही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने त्यांचा अर्ज फेटाळला. कारण एकच, त्या स्त्री होत्या! संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यासमोर जाऊन त्यांनी या नकाराचा जाब विचारला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते आणि त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये, असे बजावण्यात आले. नोबेल पारितोषिक मिळवलेल्या थोर शास्त्रज्ञाची ही अट अन्यायाचीच होती. वर्षभरातील कमलाबाईंचे काम पाहून मात्र रामन यांचे मत पालटले आणि संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काही वर्षांपूर्वी सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने जनावरांच्या अधिवृक्क ग्रंथींतून एक पदार्थ वेगळा काढला होता. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील या ग्रंथी संकटकाळी शरीराला सावरणारी संप्रेरके स्रवतात. तो पदार्थ म्हणजेच 'क' जीवनसत्त्व होय. बहुतेक प्राणी ते स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस आणि गिनीपिग यांना ते अन्नातूनच मिळवावे लागते. ते न मिळाल्यास हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत आणि अधिवृक्क ग्रंथींतील त्याचा साठाही आटतो.

कमलाबाईंनी केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' हे द्रव्य असल्याचे दाखवले. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर त्यांना १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली.

मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीत अध्यापन केले आणि कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांचा अभ्यास केला. १९४७ मध्ये माधवराव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरा म्हणजे ताडामाडाचा न आंबलेला, ताजा रस. त्यात 'क' जीवनसत्त्व आणि लोह असल्याचे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुलांच्या व गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. महागडी औषधे ज्यांना परवडत नव्हती, त्यांच्या पाड्यालगतच हे झाड उभे होते. या कार्यासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार लाभला.

१९९८ मध्ये दिल्लीत त्यांचा सत्कार योजला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.