कापडवाल्याचं भिंग

पावसाळ्यात वस्तीतल्या आयांच्या बैठका घेताना एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे पाणी उकळून प्यायचा. आणि दरवेळी कुणीतरी आजीबाई ओंजळीत पाणी धरून दाखवतात. काचेसारखं नितळ! यात कुठं काय आहे, आणि उगीच गॅस कशाला जाळायचा, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग येत नाही. जे डोळ्यांना दिसतच नाही त्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा? एकदा मी शाळेतल्या सरांकडून सूक्ष्मदर्शक मागून आणला. अंगणातल्या टाकीतल्या पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवला आणि अशाच एका आजींना भिंगाला डोळा लावायला सांगितला. आजी बराच वेळ जागच्या हलल्याच नाहीत. मग पदर सावरत बाजूला झाल्या आणि सुनेला पाण्याचं पातेलं गॅसवर चढवायला सांगून मोकळ्या झाल्या.

त्या थेंबात आजींनी जे पाहिलं, ते जगात सगळ्यात आधी पाहिलं एका कापडवाल्यानं! तो ना डॉक्टर होता, ना प्राध्यापक. कॉलेजची पायरी तो कधी चढला नव्हता. आपल्या मातृभाषेखेरीज दुसरी भाषा त्याला येत नव्हती. त्याचं नाव अँटनी व्हॅन लिवेनहॉक.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट नावाच्या गावात २४ ऑक्टोबर १६३२ रोजी त्याचा जन्म झाला. वडील टोपल्या, करंड्या विणायचे. अँटनी पाच-सहा वर्षांचा असतानाच ते वारले. आईनं दुसरं लग्न केलं आणि मुलाला शिकायला बाहेरगावी पाठवलं. सोळाव्या वर्षी तो ॲमस्टरडॅमला एका कापड दुकानात उमेदवारी करायला लागला. १६५४ मध्ये गावी परत येऊन त्यानं बार्बरा नावाच्या मुलीशी लग्न केलं, घर घेतलं आणि स्वतःचं कापडाचं दुकान थाटलं.

आता कापडाच्या धंद्यात भिंगाचं काय काम, असं कुणालाही वाटेल. पण त्या काळी चांगला व्यापारी कापडाचा पोत नुसता बोटांनी बघत नसे. एवढ्या-तेवढ्या जागेत ताण्याबाण्याचे धागे किती, वीण घट्ट की विरळ, हे भिंगातून मोजून मगच भाव ठरायचा. लिवेनहॉकला भिंगाची गोडी लागली ती बहुधा इथंच.

संसार मात्र सुखाचा झाला नाही. पाच मुलं झाली, त्यातली चार तान्ही असतानाच गेली. १६६६ मध्ये बार्बराही गेली. उरली ती एकटी मुलगी, मारिया. त्यानं १६७१ मध्ये कॉर्नेलिया नावाच्या बाईशी दुसरं लग्न केलं, तीही १६९४ मध्ये वारली. चार-चार लेकरं कशानं गेली, हे त्या बापाला कधी कळलं नसणार. त्या काळी कुणालाच कळत नसे. दूषित हवा, नाहीतर देवाची इच्छा, एवढंच उत्तर मिळायचं.

दुकानाच्या जोडीला १६६० पासून त्याला नगरपालिकेत एक लहानशी कायम नोकरी मिळाली. पुढे जमिनीची मोजणी, दारूच्या पिंपांची मोजदाद अशी कामंही त्याच्याकडे आली. जगप्रसिद्ध चित्रकार व्हर्मीर याच गावचा आणि याच वर्षी जन्मलेला. तो कर्जात बुडून वारला, तेव्हा त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेचा हिशेब बघायचं काम गावानं १६७६ मध्ये लिवेनहॉककडेच सोपवलं होतं. म्हणजे माणूस हिशेबाला पक्का! जे मोजता येईल ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं, ही सवय त्याच्या अंगातच होती.

सूक्ष्मदर्शक त्यानं शोधून काढला, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. दोन-तीन भिंगं जोडलेले सूक्ष्मदर्शक त्याच्या आधीपासून होते. लंडनच्या रॉबर्ट हूकनं त्यातून पाहिलेल्या पिसवा-उवांची मोठमोठी चित्रं १६६५ मध्ये छापलीसुद्धा होती. पण त्या यंत्रातून वस्तू फार मोठी केली की अंधूक दिसायची. लिवेनहॉकनं दुसरी वाट धरली. एकच भिंग, पण अगदी बारीक, मोहरीएवढं. ते स्वतः घासून, चकचकीत करून पितळेच्या किंवा चांदीच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवायचं. मागं एक सुई, त्या सुईच्या टोकावर बघायची वस्तू. स्क्रू फिरवून सुई पुढं-मागं करायची. सगळं यंत्र बोटभर लांबीचं! ते डोळ्याला अगदी चिकटवून उजेडाकडे बघायचं. आज शिल्लक असलेल्या त्याच्या भिंगांपैकी एकातून वस्तू सुमारे २७० पट मोठी दिसते. अशी शेकडो भिंगं त्यानं आयुष्यात घडवली.

आणि बघितलं काय काय? त्यातलं निम्मं तर आपल्या स्वयंपाकघरातलंच. बुरशी, मधमाशीची नांगी, डोक्यातली ऊ. डेल्फ्टच्या रेनिए द ग्राफ या डॉक्टरनं १६७३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला या माणसाबद्दल कळवलं. तिथं मोठमोठे शास्त्रज्ञ जमत. तेव्हापासून लिवेनहॉक सोसायटीला पत्रं लिहू लागला, ती मरेपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं! सगळी साध्या डच भाषेत. जे दिसलं ते, जसं दिसलं तसं.

१६७४ च्या उन्हाळ्यात त्यानं गावाजवळच्या तळ्याचं गढूळलेलं पाणी बाटलीत भरून आणलं. भिंगाखाली बघतो तर काय, हिरव्यागार रिबिनीसारख्या वळत गेलेल्या तारा आणि त्यांच्यामधून पळणारे इवले इवले जीव! ज्या पाण्याकडे बघून लोक नाक मुरडत होते, त्यात एवढी नक्षी दडलेली होती.

मग आली मिरीची गोष्ट. आपल्या मलबारातून आणि जावा-सुमात्राकडून डच जहाजं मिरी भरभरून नेत. मिरी जिभेला झोंबते कशानं, हा प्रश्न त्याला पडला. मिरीच्या कणांना बारीक काटे असावेत आणि तेच टोचत असावेत, असा त्याचा अंदाज. काटे बघायला सोपं जावं म्हणून मिरी मऊ व्हायला त्यानं ती पाण्यात घालून ठेवली. एप्रिल १६७६ मध्ये त्या पाण्याचा थेंब पाहिला. काटे मिळालेच नाहीत, पण त्यात असंख्य जीव वळवळत होते. काही तर इतके बारीक, की असे शेकडो जीव एका ओळीत ठेवले तरी वाळूच्या कणाएवढी लांबी व्हायची नाही. आज आपण ज्यांना जिवाणू म्हणतो, ते माणसाच्या दृष्टीला पहिल्यांदा पडले ते असे, मिरीच्या पाण्यात!

लंडनच्या विद्वानांना हे पटेना. एका जाणकारानं प्रयोग करून पाहिला, त्याला काही दिसलं नाही. लिवेनहॉक चिडला नाही की गप्पही बसला नाही. त्यानं गावातल्या प्रतिष्ठित मंडळींना घरी बोलावलं, भिंगातून दाखवलं आणि त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्या सहीनिशी लंडनला पाठवून दिलं. अखेर नोव्हेंबर १६७७ मध्ये रॉबर्ट हूकनं स्वतः मिरीच्या पाण्यात ते जीव पाहिले, सोसायटीतल्या इतरांना दाखवले. १६८० मध्ये या कापडवाल्याला सोसायटीचं सभासदत्व मिळालं.

१६८३ मध्ये त्यानं स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून पाहिला. हा गृहस्थ रोज मिठानं दात घासणारा, तरीही त्यात जीवच जीव. मग रोज तोंड स्वच्छ करणाऱ्या दोघी बायकांचा नमुना पाहिला. शेवटी जन्मात कधी तोंड न धुतलेला एक म्हातारा गाठला. त्याच्या तोंडात तर जत्राच भरलेली!

आपल्यासारख्या डबे-पिंपं सांभाळणाऱ्या बायकांनी मात्र त्याचे आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायला हवेत. धान्यात सोंडे होतात ते धान्य कुजून आपोआप होतात, असं तेव्हा सगळे मानत. पिसवा धुळीतून जन्मतात, असाही समज. लिवेनहॉकनं दाखवून दिलं की सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडी घालते आणि त्यातून पुढची पिढी येते. पिसवेचंही अंडं, अळी, कोश असं सगळं जीवनचक्र त्यानं मांडलं. उवा किती झपाट्यानं वाढतात हे बघायला तर त्यानं उवा स्वतःच्या मोज्यात घालून तो मोजा दिवसचे दिवस पायात वागवला! कोणताही जीव घाणीतून आपोआप उपजत नाही, त्याला जन्मदाते असतातच, हे तो आयुष्यभर सांगत राहिला.

सौंदर्यही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. पाण्यात संथ गोल फिरणारे हिरवे चेंडू त्याला दिसले. एका किड्याच्या डोळ्याचं पारदर्शक पटल घेऊन त्यातून त्यानं मेणबत्तीकडे पाहिलं, तर एकीच्या शेकडो ज्योती झालेल्या. छपराच्या पन्हळीतली वाळून कोळ झालेली माती त्यानं पाण्यात भिजवली आणि तासाभरात त्यातले सुकून पडलेले जीव पुन्हा पोहू लागले. १६८८ मध्ये बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत, केसाहून बारीक नळ्यांतून रक्त कसं वाहतं हे त्यानं पाहिलं. रशियाचा झार पीटर १६९८ मध्ये डेल्फ्टला आला, तेव्हा मुद्दाम बोलावून त्यानं लिवेनहॉककडून असाच रक्ताचा प्रवाह पाहून घेतला.

मैत्रिणींनो, एवढा बारकाईनं बघणारा हा माणूस एका ठिकाणी चुकला, आणि ती चूक आपल्याशी फार जवळून जोडलेली आहे. १६७७ मध्ये त्यानं पुरुषाच्या वीर्यातले शुक्रजंतू पाहिले. तेवढ्यावरून त्यानं ठरवून टाकलं की मूल हे सगळं पुरुषाच्याच बीजात असतं, बाई म्हणजे फक्त ते वाढवणारी जमीन. बीज आणि शेताची ही गोष्ट आपल्याकडेही काही कमी ऐकू येत नाही! बाईच्या शरीरातलं बीज सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला १८२७ साल उजाडलं. कार्ल फॉन बेअर या शास्त्रज्ञाला ते दिसलं. आणि मुलगा की मुलगी हे कशावरून ठरतं, याचं उत्तर १९०५ मध्ये अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स या बाईंनी पिठातल्या किड्यांच्या पेशी भिंगाखाली ठेवून शोधलं. ते ठरतं नराकडून आलेल्या बीजावर. माणसातही तसंच. तरीसुद्धा मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरं आजही मला भेटतात. बघितलं तेवढं खरं, पण बघितलं नाही ते नाहीच, असं मानलं की एवढा मोठा माणूसही फसतो. मग आपली काय कथा?

त्याचा आणखी एक दोष सांगायला हवा. चांगली भिंगं बनवायची आणि वापरायची खास रीत त्यानं कुणाला शिकवली नाही. घरी आलेल्याला साधी भिंगं दाखवी, उत्तम ती स्वतःपुरती ठेवी. शिष्य केला नाही, यंत्र विकलं नाही. तो गेल्यावर ती कला त्याच्याबरोबरच गेली. त्यानं पाहिलेले जीव आणि रोग यांचा संबंध त्याच्याही ध्यानात आला नव्हता. तो सिद्ध व्हायला पाश्चर आणि कॉखपर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे वर्षं जावी लागली. पटकीचा जंतू पिण्याच्या पाण्यात रॉबर्ट कॉखला सापडला तो १८८४ मध्ये, आपल्याच कोलकात्यातल्या एका तळ्यात. मधल्या त्या दोनशे वर्षांत किती घरांतले पाळणे रिकामे झाले असतील, असं मनात येतंच. शिष्य घडले असते तर सगळंच लवकर झालं असतं असं नाही. पण ज्ञान पेटीत कुलूपबंद ठेवलं की नुकसान सगळ्यांचंच होतं.

म्हातारपणी त्याच्याजवळ होती ती मारिया. तिनं लग्न केलं नाही. सावत्र आई गेल्यावर तीस-एक वर्षं बापाचं घर तिनं सांभाळलं. उवा, कुजकं पाणी, बुरशीच्या बशा, सगळं त्याच घरात! तिच्या नावावर एकही शोध नाही. पण नव्वदाव्या वर्षापर्यंत बापाला निवांतपणे भिंगात डोळा घालून बसता आलं, त्यात तिचा वाटा नव्हता असं कोण म्हणेल? अखेरच्या आजारातही हा माणूस आपल्या पोटाजवळच्या स्नायूंना कसे झटके येतात याचं वर्णन लंडनला कळवत होता. २६ ऑगस्ट १७२३ रोजी तो गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे मारियानं चांदीचे २६ सूक्ष्मदर्शक पेटीत घालून रॉयल सोसायटीला पाठवले आणि पुढे डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये वडिलांचं स्मारक उभारलं. त्या पेटीचा एकोणिसाव्या शतकात पत्ताच लागेनासा झाला. मारियाच्या मृत्यूनंतर उरलेल्या यंत्रांचा १७४७ मध्ये लिलाव झाला. आज त्यातली बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

आपल्या गावातल्या बहुतेक हायस्कुलांच्या कपाटात एखादा सूक्ष्मदर्शक असतोच, कधी कधी कापडात गुंडाळून ठेवलेला. मुलांबरोबर एखाद्या दिवशी आपणही शाळेत जाऊन तो बाहेर काढायला लावायला काय हरकत आहे? सोबत घरचं काहीतरी न्यावं. कांद्याचा पापुद्रा, ब्रेडवरची बुरशी, फुलदाणीतलं चार दिवसांचं पाणी. आमच्या त्या आजींनी नंतर काय केलं माहीत आहे? पुढच्या बैठकीला आल्या त्या शेजारच्या तिघींना घेऊन, आणि त्यांना आधी भिंगाजवळ बसवलं.